मास्तरांचा राजीनामा

आमच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. करणारे किती होते हे विचारू नका, हाताची बोटं उरतील. मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात मराठी घरोघरी बोलतात, पण तीच कॉलेजात शिकायची म्हटलं की ओळखीचे लोक काळजीने विचारतात, "इससे होगा क्या?" मी कोणाचं ऐकलं नाही. माझी शाळा सगळी हिंदीत झाली होती. घरात आमच्या बहादरपूर गावची, खानदेशाकडे झुकणारी मराठी. पुस्तकातली मराठी मी कॉलेजात आल्यावरच वाचायला लागले. तरी ही भाषा माझी आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. आत्याच्या मुली जळगावला राहतात. त्या एकदा म्हणाल्या, तुमची मराठी म्हणजे निम्मी हिंदीच. त्यांच्याशी मी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही. माझा स्वभावच असा आहे, लगेच पेटते आणि विझायला वेळ लागतो.

शेवटच्या वर्षी एका पेपरसाठी समीक्षात्मक निबंध लिहायचा होता. अभ्यासक्रमातली एक कथा घ्यायची, तिचं विश्लेषण करायचं आणि ते बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर वर्गात वाचायचं. त्या वर्षी परीक्षक म्हणून महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या मराठी विभागातले सर येणार होते. आमच्या मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुला तिकडे एम.ए. करायचंय ना? मी त्यांच्याशी बोलले आहे. ते तुझा निबंध ऐकतील आणि तिथेच सांगतील, घेऊ की नाही."

मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. आमची केळीची शेती आहे. ते म्हणाले, "तिकडचा सर हो म्हनला तं जाय. पन तो नाही म्हनला तं मंग पुन्हा विषय काढू नको. तिकडं जाऊन कोनी तुले हसलं तं मले चालनार नाही."

म्हणजे सगळं त्या एका निबंधावर आलं.

मी निवडलेली कथा एका शाळामास्तरांची होती. संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा परीक्षेत कॉपी करताना सापडतो. मास्तर त्याला पकडतात, अध्यक्ष दटावतात, सगळ्या शिक्षकांसमोर मास्तरांचा अपमान होतो. कित्येक दिवस मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नाही. शेवटी एका सकाळी ते शाळेत जातात, राजीनामा लिहून देतात, घरी येतात आणि बायकोने वाढलेलं पोटभर जेवतात. तिथे कथा संपते.

मला या मास्तरांचा असा राग आला की विचारू नका. का आला, ते सांगते.

मी बारावीत असताना बांधावरून अण्णांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं भांडण झालं होतं. दोन्ही शेतं लागून आहेत. काकांनी बांध आमच्या बाजूला सरकवला, अण्णा बोलायला गेले, आणि काकांनी फावड्याच्या दांड्याने त्यांचा हात मोडला. पोलिसांत तक्रार झाली, केस कोर्टात गेली, पेशीमागून पेशी, तारखेमागून तारीख. आणि मग एक दिवस अण्णांनी राजीनामा केला. आमच्याकडे कोर्टात दोन्ही पक्षांनी आपसात मिटवून लिहून दिलं की त्याला राजीनामा म्हणतात. वकील म्हणतात, पोलीस म्हणतात, पानाच्या टपरीवरही म्हणतात. दोघंही राजी, म्हणून राजीनामा. त्या दिवशी अण्णा कोर्टातून आले ते मावा जलेबी घेऊन. सगळ्यांना वाटली, हात धुऊन जेवायला बसले आणि एकावर एक भाकरी खात राहिले. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून सरळ होत नव्हता. मी त्यांच्याकडे बघत बसले. ज्याने हात मोडला त्याच्याशी मिटवून माणूस असा जेवतो कसा, हे मला कळत नव्हतं. मी जलेबीला हात लावला नाही. आईने विचारलं तर दात दुखतो म्हणाले.

त्यामुळे कथेतले मास्तर राजीनामा लिहून देऊन पोटभर जेवले, तेव्हा मला ते जेवण ओळखीचं वाटलं. निबंध मी एका दमात लिहिला. माझं म्हणणं असं होतं की परत आलेली भूक हीच मास्तरांची हार आहे. लढणाऱ्याला भूक लागत नाही, वाकला की लागते. आपला ताठ कणा मास्तरांनी त्या कागदावर वाकवला, असंही मी लिहिलं. आणि पुढे एक वाक्य टाकलं, ज्याचा मला फार अभिमान होता. अशा कागदावर समोरच्याचीही सही असते, लेखक ती दाखवत नाही, पण ती तिथे आहे.

मॅडमनी कच्चा निबंध वाचला आणि खूश झाल्या. सहीच्या वाक्यापाशी त्यांनी पेन्सिलने 'व्वा' लिहिलं. शेवटी शेरा दिला, राजीनाम्याला शरणागती म्हणणं धाडसाचं आहे, अशी मांडणी मी आजवर वाचली नव्हती. मला त्यात धाडस काय ते समजलं नाही. राजीनामा ही शरणागती नाही तर काय असते? पण स्तुती होती, मी ठेवून घेतली.

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी मी शनवारा चौकात ऑटोतून उतरले. तिथे माझी वर्गमैत्रीण भेटायची. ती कागद कारखान्याच्या वसाहतीतली. घरचे मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे तिची मराठी एकदम पुस्तकासारखी. चांदनी गावाकडून येणाऱ्या गाडीने ती रोज यायची आणि पुढे आम्ही चालत जायचो. त्या दिवशी तिचा चेहरा उतरलेला होता.

"काय झालं?"

"दादाने काल राजीनामा दिला, पुण्यात."

"कोणाशी भांडण होतं त्याचं?"

"मॅनेजरशी. बरेच दिवस चाललं होतं."

"मग चांगलं झालं ना. मिटलं एकदाचं."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "मिटलं काय? आता घरी बसणार तो. आई रडते आहे कालपासून."

"राजीनामा झाला तर घरी का बसेल?"

ती चालायची थांबली. मागून येणाऱ्या स्कूटीवाल्याने हॉर्न दिला. ती बाजूला झाली आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "अगं, राजीनामा दिला म्हणजे नोकरी सोडली. रिझाइन केलं. इस्तीफा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिला दोनदा विचारलं, नक्की का. ती म्हणाली, नक्की काय, राजीनामा म्हणजे तेच, दुसरं काय असणार? टीव्हीवरच्या मराठी बातम्यांत मंत्र्यांचे राजीनामे मीही ऐकले असतीलच. पण मंत्रीही तडजोडी करतच असतात, त्यामुळे माझं कुठे अडलं नव्हतं. लोक ध चा मा करतात. मी एक अक्षरही न बदलता अख्खी कथा उलटी केली होती. मास्तर वाकले नव्हते. मास्तरांनी नोकरी अध्यक्षांच्या तोंडावर टाकली होती आणि मग ते घरी येऊन जेवले होते. आणि मी त्यांना पानंच्या पानं भित्रा म्हणत बसले होते.

मैत्रिणीने निबंध तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभ्याने वाचला. "अरे यार, पण हे तर जुळतंय. नोकरी सोडणं म्हणजे पळ काढणं, असाच अर्थ निघतोय. मॅडमनी तसाच घेतला. फक्त ते सहीचं वाक्य गाळ. बाकी झाकली मूठ."

"आणि सरांना कळलं तर?"

"कसं कळेल? तू स्वतःहून 'आ बैल मुझे मार' नको करू, बस्."

कॉलेजपर्यंत मी भराभर चालत राहिले. निबंध चुकला याची भीती होतीच. पण त्याहून वाईट होतं ते हे, की आत्याच्या मुली बरोबर होत्या. मराठी कथेत मला हिंदी मुलखातल्या कोर्टाचा राजीनामा दिसला होता. हे सरांसमोर उघड झालं तर ते मला कशाला घेतील? आणि ते नाही म्हणाले की अण्णांनी सांगितलंच होतं, मग विषय संपला. शिवाय मॅडमचा शेरा. मी खरं सांगितलं तर पहिली फजिती माझी आणि दुसरी त्यांची, त्याही परक्या माणसासमोर. अळीमिळी गुपचिळी हाच शहाणपणा होता.

वर्गात सर पहिल्या बाकावर बसले होते, शेजारी मॅडम. मॅडमनी माझी ओळख करून दिली. "ही आमची मुलगी. हिने वेगळं वाचलंय, सर. ऐका तुम्ही." सरांच्या हातात माझ्या निबंधाची छापील प्रत होती. मी वाचू लागले आणि सरांचं बोट प्रतीवर माझ्याबरोबर एकेक ओळ खाली येऊ लागलं. ते बोट पाहून माझा आवाज बारीक झाला. मोठ्याने वाच, असं कोणीतरी मागून म्हणालं. कण्याचं वाक्य वाचलं. पुढचं सहीचं वाक्य मी सोडलं आणि सरळ परिच्छेद बदलला.

"एक ओळ राहिली," सर म्हणाले.

मी न कळल्यासारखं केलं. त्यांनी प्रतीवर बोट टेकवलं. "ही. समोरच्याच्या सहीची."

मग वाचावीच लागली. सरांनी विचारलं, "ही सही कोणाची? राजीनाम्यावर समोरच्याची सही कशी असेल?"

माझ्या आधी मॅडम बोलल्या. "ती प्रतीकात्मक आहे, सर. व्यवस्थेची सही, असं तिला म्हणायचंय."

सरांनी मान हलवली. "छान. चांगलं आहे हे." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मैत्रिणीने माझ्याकडे पाहून डोळे मिटले, सुटलो एकदाचे, असे. मलाही वाटलं, सुटले. शेवटचं पान मी भराभर वाचून टाकलं.

सरांनी प्रत बाकावर ठेवली. "एकच प्रश्न. तुझ्या मते राजीनामा देणं हीच मास्तरांची हार. मान्य. मग मास्तरांनी काय करायला हवं होतं?"

साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे निबंध लिहायला बसले तेव्हापासून तयार होतं. असल्या माणसाच्या तोंडावर नोकरी फेकून निघून जायला हवं होतं. ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं, कारण मास्तरांनी नेमकं तेच केलं होतं. मी दुसरं काही शोधू लागले. न्यायालयात जायला हवं होतं, म्हणाले असते. वर्तमानपत्रात लिहायला हवं होतं, म्हणाले असते. पण एकाही वाक्यावर माझा विश्वास नव्हता, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या माणसाला तो नसलेला विश्वास दिसेल अशी माझी खात्री होती. सर वाट पाहत राहिले.

"सर, आमच्याकडे राजीनामा म्हणजे तडजोड," मी म्हणाले. "कोर्टात करतात ती. दोघांच्या सह्यांची. मी कथा तशीच वाचली. मास्तरांनी नोकरी सोडली हे मला आज सकाळी कळलं."

मागची मुलं हसली. मॅडम खिडकीकडे पाहू लागल्या. सर हसले नाहीत. त्यांनी प्रत पुन्हा उचलली, सहीची ओळ वाचली, कण्याची वाचली, परत सहीची वाचली.

"म्हणजे हे व्यवस्थेचं वगैरे काही नाही."

"नाही, सर."

"मग एवढ्या रागाने लिहिलंस ते कोणावर?"

"घरातल्या माणसावर."

"त्यात मी पडत नाही." त्यांनी पेनला टोपण लावलं. "मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. शब्दाचा खरा अर्थ घेऊन पुन्हा लिही. आठवड्याभरात पाठव. वाचून कळवतो."

बाहेर व्हरांड्यात मी मॅडमच्या मागे गेले. त्या थांबल्या नाहीत, चालता चालताच म्हणाल्या, "सांगायचं होतं तर मला सांगायचंस. त्यांच्यासमोर नाही." मी म्हणाले, सकाळीच कळलं. "सकाळीसुद्धा मी स्टाफरूममध्येच होते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. हे खरं होतं, आणि मला फार लागलं.

घरी जाताना ऑटोत मी नव्या निबंधाऐवजी अण्णांना काय सांगायचं त्याचीच जुळवाजुळव करत होते. एवढं माझ्या लक्षात आलं होतं की पोटभर जेवणारा माणूस हरलेलाच असतो असं नाही. मग अण्णाही हरले नसतील. शेजारी शेजारी शेतं, रोज तोच बांध, आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यांनी शहाणपणाने मिटवलं असेल. इतकी वर्षं मनात धरलेला राग सोडून द्यायला मी निघाले होते, आणि खरं सांगायचं तर माझ्या मोठेपणाचं मला थोडं कौतुकही वाटत होतं.

अण्णा शेतात होते, केळीच्या बुंध्याजवळची पिलं विळ्याने छाटत. मला पाहताच त्यांनी विचारलं, "काय म्हनला सर? हो म्हनला का?"

"पुन्हा लिवून पाठव म्हने. मंग सांगतीन."

"काऊन? चुकलं?"

मी शब्दाची गंमत सांगितली. ते हसले. "मतलब तिकडं राजीनामा देल्ला का मानूस घरी बसते? अजब हाये." मग विळा चालू ठेवून म्हणाले, "मंग लिव ना पुन्हा. त्यात काय टेन्शन?"

"अण्णा, मी त्या मास्तरले लय वाईट लिवलं होतं. राजीनामा करून पोटभर जेवला म्हनून." मी थांबले. "ते मास्तरले नव्हतं."

"मले होतं," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

मी घाईघाईने ऑटोत ठरवलेलं सगळं बोलून टाकलं. तुमी हारले नव्हते, मले आता समजलं, शेजारी राहायचं होतं, तुमी समजदारी केली. ते ऐकत होते. विळा थांबला होता.

"हारलो होतो," अण्णा म्हणाले. "हात माहा मोडला, अन कागदावर मीच लिवून देल्लं का आता काई तक्रार नाही. ते हारनं नाही तं काय? केस लढ्याची ताकत संपली होती माही."

"मंग जलेबी काऊन आनली होती?"

"मी तोंड पाडून आलो असतो तं तुही माय रडत बसली असती. घरात सुतक पडलं असतं." त्यांनी छाटलेलं पिलू बाजूला टाकलं. "घास उतरत नव्हता. तरी खाल्लं. मले वाटे, कोनालेच वळखू आलं नाही. तुले आलं होतं तं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एवढी वर्षं एकट्याने उचललेल्या वजनाला कोणीतरी दुसरीकडून हात लावला होता हे कळल्यावर माणूस बोलेल, तसे ते बोलत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मी त्यांना माफ करायला आले होते, आणि त्यांना तर मी आधीच बरोबर ओळखलं होतं.

नवा निबंध मी त्याच आठवड्यात लिहिला. राजीनाम्याचा अर्थ सुधारला, सहीचं वाक्य काढलं. पण जेवण ठेवलं. मास्तर नोकरी टाकून आले हे खरं, तरी ते हरलेलेच आहेत आणि त्यांना ते माहीत आहे, असं मी लिहिलं. ते जेवतात ते बायको वाढते आहे म्हणून. घर रडू नये म्हणून. या वेळी मास्तरांवर राग नव्हता, त्यामुळे लिहायला फार वेळ लागला. पाठवण्याआधी मॅडमकडे नेला. त्यांनी ऱ्हस्वदीर्घ सुधारून दिले, पेन्सिलने कुठे काही लिहिलं नाही, आणि सरांचा पत्ता स्वतः टाइप करून मेल पाठवली.

उत्तर यायला आठवडा उलटला. त्या दिवसांत अण्णांनी एकदाही विषय काढला नाही आणि मी फोन हातातून खाली ठेवला नाही. उत्तर आलं ते दोन ओळींचं. जेवणाचा हा अर्थ लावायला कथेत पुरेसा आधार नाही, मला तो पटलेला नाही. प्रवेशाला ये, भांडू.

मी तशीच शेतात गेले. अण्णा बांधाजवळ उभे होते आणि पलीकडे काका मोटर लावून पाणी देत होते. केस मिटल्यापासून ते दोघं कामापुरतं बोलत, मान खाली घालून. मी अण्णांना सांगितलं, सर हो म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून बांधापलीकडे पाहिलं, आणि मान वर करून म्हणाले, "पोरगी चालली तिकडं, मोठ्या कॉलेजात शिकाले." मोटरच्या आवाजात काकांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी जाऊन मोटर बंद केली आणि विचारलं, "काय म्हने?" आता सगळं शेत शांत झालं होतं, तरी अण्णांनी तेच वाक्य पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं.